पोर्च आणि घराच्या मधली फट: सिमेंट का टिकत नाही आणि काय केलं तर टिकतं

मराठवाड्यात पोर्च बहुधा मागाहून होतो. आधी घर उभं राहतं. मग दोन-चार वर्षांनी गाडी ठेवायला किंवा दारात सावली हवी म्हणून पुढे स्लॅब तरी पडतो, नाहीतर पत्रे तरी. नवं काम जुन्या भिंतीला जिथे टेकतं, तिथे पहिल्याच उन्हाळ्यात फट दिसायला लागते. मे महिन्यात गवंडी ती सिमेंटने बुजवतो. मृगाचे दोन पाऊस झाले की बैठकीच्या भिंतीवर ओल उतरते, आणि दिवाळीची सफेदी करताना पाहावं तर फट होती तिथेच असते.

यात गवंड्याचा हात वाईट असतो असं नाही. ती फट हलती असते आणि सिमेंट हलू शकत नाही. म्हणून कुठलंही काम सुरू करण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: ही जागा हलते का? हलत असेल तर ताणलं जाणारं साहित्य भरायचं, हलत नसेल तर सिमेंटचं. हे उलटं झालं की साहित्य कितीही महाग आणलं तरी पाणी येतंच.

फट का हलते

पहिलं कारण काळी माती. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. चैत्र-वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि पोर्चच्या पायाखालीही तीच माती असते. घराचा पाया सहसा मुरूम लागेपर्यंत खाली नेलेला असतो. पोर्चच्या खांबांना मात्र ‘वर नुसता स्लॅबच आहे’ म्हणून दीड-दोन फुटांचाच खड्डा घेतला जातो. मग घर जागेवर राहतं आणि पोर्च मातीबरोबर वर-खाली होतो.

दुसरं कारण ऊन. काँक्रीट तापमानाच्या दर अंशाला, दर मीटरमागे, सुमारे ०.०१ मिलिमीटर वाढतं. चार मीटर लांबीचा स्लॅब पहाटेपेक्षा दुपारी ३० अंशांनी जास्त तापला तर सव्वा मिलिमीटरच्या आसपास लांबतो. लोखंडी पत्रा थोडा अधिक वाढतो आणि खूप जास्त तापतो. वीस फुटी पत्रा ४० अंशांच्या फरकाला जवळजवळ तीन मिलिमीटर सरकतो, तेही रोज. वर्षभर हे चाललं की भिंतीला चिकटवलेला सिमेंटचा थर सुटणारच.

फट हलती आहे की नाही हे ओळखायला यंत्र लागत नाही. भेगेवर आडवा, दोन इंच रुंद आणि जेमतेम ३-४ मिलिमीटर जाडीचा प्लास्टर ऑफ पॅरिसचा पट्टा मारा आणि त्यावर तारीख लिहा. काही आठवड्यांत त्यावर केसासारखी चीर आली तर जागा हलते. त्याशिवाय फटीच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खुणा करून मेच्या शेवटी आणि सप्टेंबरच्या शेवटी त्यांमधलं अंतर मोजून ठेवा. दोन मोजमापांमधला फरक म्हणजे तुमच्या फटीची हालचाल. साहित्य भरताना फट किती रुंद ठेवायची, ते याच आकड्यावरून ठरतं.

काही फटी मात्र बुजवायला घ्यायच्याच नाहीत. फट एक इंचाहून मोठी आहे, दरवर्षी वाढते आहे, वर रुंद आणि खाली अरुंद आहे, खांब ओळंब्याला बसत नाही, किंवा स्लॅबच्या पोटातून गंजकी सळई दिसते आहे, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. पाया सरकत असताना वरून फट बंद केली तर धोका नजरेआड होतो, कमी होत नाही. आणखी एक गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप लातूर-धाराशिव भागाला विसरता येणार नाही. घर आणि पोर्च वेगवेगळे उभे असतील तर मधली फट भूकंपात दोघांना स्वतंत्रपणे डोलायला जागा देते. तिच्यात खडी-सिमेंट ठोकून भरलं तर दोन्ही बांधकामं एकमेकांवर आदळतात. फट बंद करायची ती मऊ साहित्यानेच.

पाणी कुठून येतं ते आधी शोधा

ओल जिथे दिसते त्याच्या बरोबर वर गळती असेलच असं नाही. पाणी स्लॅबच्या पोटाने, वायरिंगच्या पाइपने किंवा प्लास्टरच्या मागून चार-पाच फूट सरकून मग उतरतं. पोर्चच्या दिव्याच्या होल्डरमधून पाणी टपकत असेल तर आधी त्या दिव्याचा एमसीबी (मेन बोर्डातला स्विच) बंद करा, आणि इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय सुरू करू नका.

तपासणी कोरड्या दिवशी आणि खालून वर करायची. पाणी आधी फरशी आणि भिंतीच्या कोपऱ्यात सोडा आणि पंधरा-वीस मिनिटं थांबा. मग चौकटीच्या बाजूला, मग खांब स्लॅबला भिडतो तिथे, आणि सगळ्यात शेवटी वरच्या सांध्यावर. वरून सुरुवात केली तर सगळंच ओलं होतं आणि काहीच कळत नाही.

उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या गावात अख्ख्या स्लॅबवर पाणी कोंडून पाहणं परवडत नाही, आणि त्याची गरजही नाही. सांध्यापासून एक फूट अंतरावर चिकण मातीचा बांध घाला आणि आत दोन इंच पाणी भरा. दहा फूट लांबीच्या सांध्याला साधारण ४५ लिटर लागतं, म्हणजे तीन-चार घागरी. पाणी २४ तास राहू द्या. खाली ओल उतरली नाही तर दोष सांध्यात नाही. मग कठड्याची भिंत, स्लॅबमधली भेग किंवा पन्हळीचा पाइप यांच्याकडे वळा.

कठडा घराच्या भिंतीला जिथे भिडतो ती उभी फट सगळ्यात जास्त वेळा नजरेतून सुटते. आडवा सांधा व्यवस्थित भरलेला असतो, आणि पाणी या उभ्या चिरेतून आत शिरून आडव्याच्या मागे जातं.

दुकानात काय मागायचं

हलत्या फटीसाठी पीयू सीलंट, म्हणजे पॉलियुरेथेनचं, पक्कं झाल्यावरही रबरासारखं ताणलं जाणारं साहित्य. ६०० मिलीच्या नळकांडीला दुकानात सॉसेज म्हणतात, आणि तिला बंद नळीची वेगळी गन लागते. ३०० मिलीचं कार्ट्रिज साध्या गनमध्ये बसतं. पाकिटावर ‘± २५ टक्के’ हालचालीची क्षमता लिहिलेली आहे ना ते बघून घ्या. पीयूवर रंग बसतो. सिलिकॉनवर बसत नाही, म्हणून दर्शनी भिंतीला पीयूच बरं. काच, ॲल्युमिनियम, रंगीत पत्रा यांना सिलिकॉन चांगलं, पण न्यूट्रल प्रकारचं घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्याला गंज आणतं आणि सिमेंटवर नीट धरत नाही. ॲक्रिलिक क्रॅक फिलर स्वस्त असतं आणि न हलणाऱ्या बारीक चिरांसाठी ठीक आहे. पोर्चच्या सांध्यात ते घालू नका.

सीलंटसोबत बॅकर रॉड (फोमची गोल दोरी), त्याच कंपनीचा प्रायमर, मास्किंग टेप, आणि मोडलेल्या कडा दुरुस्त करायला एसबीआर लॅटेक्स (सिमेंटमध्ये मिसळायचं दुधासारखं पांढरं द्रव) लागतो. बॅकर रॉड तालुक्याच्या दुकानात मिळत नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी वॉटरप्रूफिंगचं सामान ठेवणाऱ्याकडे किंवा ॲल्युमिनियम सेक्शनवाल्याकडे विचारा. तो टाळून काम करू नका. कारण पुढे येतंच.

किती सीलंट लागेल याचा हिशोब सोपा आहे: रुंदी आणि खोली मिलिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करा, तेवढे मिली दर मीटरला लागतात. १२ मिमी रुंद आणि ८ मिमी खोल सांध्याला मीटरला ९६ मिली, म्हणजे एका सॉसेजमध्ये सहा मीटर. २० मिमी रुंद आणि १० मिमी खोल असेल तर मीटरला २०० मिली, म्हणजे एका सॉसेजमध्ये तीनच मीटर. वाया जाणारं धरून दहा-पंधरा टक्के जास्त आणा. उघडलेलं सॉसेज दुसऱ्या दिवशी कामाला येत नाही.

स्लॅब आणि भिंतीमधली फट

हे मुख्य काम. दहा-बारा फुटांच्या पोर्चला दोन माणसांना तयारीचा एक दिवस आणि भरायची एक सकाळ पुरते. मध्ये थांबावं लागतं ते कडा दुरुस्त कराव्या लागल्या तर.

१. जुनं सिमेंट, डांबर, आधी मारलेलं सिलिकॉन, सगळं काढा. जुन्यावर नवं कधीच टिकत नाही. चार इंची कटर मशीनला डायमंड ब्लेड लावून दोन्ही कडा सरळ कापा आणि मधला भाग छिन्नीने काढा. धूळ फुप्फुसाला घातक असते, त्यामुळे नुसता रुमाल न बांधता चांगला मास्क आणि चष्मा वापरा. सळई दिसली की तिथेच थांबा. पोर्चची सळई घराच्या बीममध्ये गुंतलेली असेल तर तो सुटा सांधा नाही. ती प्लास्टरची भेग आहे आणि तिचा उपचार वेगळा. तो पुढे दिला आहे.

२. फट कमीत कमी १२ मिमी रुंद आणि २५ मिमी खोल करा, वरून दिसणारी चीर तीनच मिलिमीटरची असली तरी. घरमालक इथेच कचरतात, कारण चांगली भिंत फोडल्यासारखं वाटतं. पण गणित बघा. तीन मिलिमीटरची चीर दोन मिलिमीटर उघडली तर आतल्या सीलंटला ६६ टक्के ताण बसतो, आणि ते २५ टक्क्यांपर्यंतच ताण सोसतं. ते फाटणारच. तीच फट बारा मिलिमीटरची असेल तर दोन मिलिमीटर म्हणजे १७ टक्के, आणि सीलंट तो ताण आरामात घेतं. तुमच्या मोजमापात हालचाल तीन मिलिमीटरहून जास्त आली तर फट २० मिमी करा.

३. कडा मोडल्या असतील तर एक भाग सिमेंट आणि तीन भाग धुतलेली वाळू, त्यात ५ किलो सिमेंटमागे सुमारे १ लिटर लॅटेक्स घालून मॉर्टर करा. डब्यावर वेगळं प्रमाण दिलं असेल तर तेच पाळा. आधी लॅटेक्स-सिमेंटचा पातळ हात मारा आणि तो ओला असतानाच मॉर्टर भरा. वाळलेल्या हातावर मॉर्टर लावलं तर तो हात धरण्याऐवजी सुटण्याची जागा बनतो. काम संध्याकाळी करा, रात्रभर ओलं गोणपाट टाका, आणि मग सात दिवस तसंच सुकू द्या. आत ओल राहिली तर पीयूमध्ये बुडबुडे येतात. बोअरचं पाणी खारं असेल तर या कामाला वापरू नका, नंतर त्या जागी लोणा (क्षारांची पांढरी भुकटी) फुटतो.

४. तारेच्या ब्रशने दोन्ही बाजू घासा आणि ब्लोअरने किंवा सायकलच्या पंपाने धूळ उडवा. पाण्याने धुऊ नका. स्वच्छता तपासायला मास्किंग टेपचा तुकडा कडेवर दाबून काढा. टेपवर पांढरी भुकटी आली तर पुन्हा घासा. सीलंट धुळीला चिकटतं आणि धूळ भिंतीला चिकटलेली नसते, म्हणून पहिल्या पावसात सगळी पट्टी सोलून निघते.

५. बॅकर रॉड फटीपेक्षा पावपट जाड घ्या: १२ मिमी फटीला १५ ते १६ मिमीचा, २० मिमीला २५ मिमीचा. बोथट लाकडी पट्टीने एकसारख्या खोलीवर दाबा. स्क्रू ड्रायव्हरने टोचलात तर त्याला भोक पडतं, आतली हवा बाहेर येते आणि सीलंटला फुगे धरतात. ताणूनही बसवू नका, ताणलेला रॉड नंतर आखडतो.

रॉडची दोन कामं. एक, खोली ठरवणं. सीलंटची खोली रुंदीच्या निम्म्याच्या आसपास हवी, पण ८ मिमीपेक्षा कमी नको. दुसरं काम जास्त महत्त्वाचं. रॉडला सीलंट नीट चिकटत नाही, त्यामुळे ते फक्त दोन बाजूंना धरतं आणि रबरासारखं ताणलं जातं. तळालाही चिकटलं तर तीन बाजूंनी अडकतं आणि ताण येताच मधूनच फाटतं. जिथे खोली मिळत नाही आणि रॉड बसत नाही, तिथे तळाला साधी प्लास्टिकची पॅकिंग टेप चिकटवा. वर्तमानपत्राचे बोळे, सुतळी, चिंध्या यांपैकी काहीही घालू नका. ते पाणी धरून ठेवतात.

६. दोन्ही कडांना बाहेरून मास्किंग टेप लावा. आतल्या बाजूंना प्रायमरचा एक पातळ हात द्या आणि पाकिटावर दिलेला वेळ थांबा.

७. नोझल ४५ अंशात, फटीपेक्षा किंचित बारीक कापा. गन सावकाश चालवा, सीलंट तळापासून वर येऊ द्या. उभी फट खालून वर भरा. एक सलग पट्टी व्हायला हवी. मध्ये थांबून पुन्हा सुरुवात केली तर त्या जागी हवा अडकते.

८. दहा मिनिटांच्या आत साबणाच्या पाण्यात बुडवून झटकलेली पत्ती हलक्या दाबाने फिरवा. पृष्ठभाग मध्ये थोडा खोलगट झाला पाहिजे. टेप लगेच काढा, सीलंट वाळल्यावर काढली तर कड उचकटते.

एकघटकी पीयू हवेतल्या दमटपणाने पक्कं होतं, नुसतं उन्हाने नाही. त्यामुळे कोरड्या एप्रिल-मेमध्ये ते ‘लवकर वाळेल’ ही समजूत चुकीची आहे. वर कातडी लवकर धरते, पण आतून दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच पक्कं होतं, कोरड्या हवेत त्याहूनही कमी. दहा मिलिमीटरच्या पट्टीला आठवडाभर तरी हात लावू नका, पाणी लागू देऊ नका, रंग देऊ नका.

पोर्च घराला जोडूनच ओतलेला असेल, फट दिसते पण प्लास्टर ऑफ पॅरिसचा पट्टा तडकत नाही, तर ती बीम आणि विटांच्या मधली प्लास्टरची चीर आहे. दोन्ही बाजूंना मिळून एक फूट रुंद प्लास्टर काढा, चीर लॅटेक्स मॉर्टरने भरा, त्यावर कोंबडीजाळी खिळ्यांनी ताणून बसवा आणि मग प्लास्टर करा. सात दिवस गोणपाटाने ओलं ठेवा.

वरून झाकणारी पट्टी

सीलंट उन्हात वर्षांनुवर्षं उघडं राहिलं की पृष्ठभागाला बारीक तडे जातात. त्यावर धातूची पट्टी आली तर ऊन आणि पाणी दोन्ही अडतात, आणि सीलंटवर एकट्यावर भार राहत नाही. हा खर्च जरूर करा, स्लॅब तसाच उघडा ठेवू नका.

एक मिलिमीटर जाड ॲल्युमिनियमची किंवा २४ गेजच्या जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याची काटकोनात वाकवलेली पट्टी करून घ्या: भिंतीवर सहा इंच, स्लॅबवर चार इंच. भिंतीत स्लॅबपासून सहा इंचांवर कटरने एक इंच खोल खाच मारा. पट्टीचं वरचं टोक पाऊण इंच वाकवून खाचेत घाला आणि खाच सीलंटने भरा. ओल्या सिमेंटमध्ये ॲल्युमिनियम खराब होतं, म्हणून इथे सिमेंट वापरू नका. दोन पट्ट्या जिथे जुळतात तिथे चार इंचांचा ओव्हरलॅप ठेवा आणि मध्ये सीलंट घाला.

पट्टी स्क्रूने बांधायची ती फक्त भिंतीच्या बाजूला. स्लॅबवर ती नुसती टेकलेली राहू द्या. दोन्हीकडे बांधली तर पोर्च हलताच पट्टी मुरगळते किंवा स्क्रू उपटले जातात. हीच चूक सगळीकडे दिसते, कारण मोकळं टोक पाहून मिस्त्रीला काम अर्धवट वाटतं. आधीच सांगून ठेवा.

स्लॅबच्या बाहेरच्या कडेलाही लक्ष द्या. पाणी कडेवरून खाली न पडता पोटाने आत ओढलं जातं आणि भिंतीपर्यंत येतं. कडेपासून इंच-दीड इंच आत, पोटाच्या बाजूने १०-१२ मिमी रुंद आणि तेवढीच खोल खाच असेल तर पागोळी तिथेच तुटते. जुन्या स्लॅबला खाच मारता येत नसेल, सळई जवळ असेल, तर अर्ध्या इंचाची ॲल्युमिनियमची एल पट्टी पीयूने चिकटवा. भिंतीच्या अलीकडे सव्वा इंच सोडून ती थांबवा.

आणि पन्हळ. दारात कडुनिंब असेल तर पन्हळ दर पंधरा दिवसांनी साफ करावी लागते. स्लॅबवर पाणी दोन इंच साठलं तर दर चौरस मीटरला ५० किलो जादा वजन चढतं आणि सांधा रात्रभर पाण्यात बुडून राहतो. पाइप तीन इंचांपेक्षा लहान नको.

पत्र्याचा पोर्च

पत्रा भिंतीला जिथे टेकतो तिथे सिमेंटचा वाटा (कोपऱ्यात थापलेला तिरका थर) मारायची रीत गावोगावी आहे. ती सोडून द्या. पत्रा रोज सरकतो, वाटा पहिल्याच उन्हाळ्यात सुटतो, वर ओलं सिमेंट जस्ताचा थर खातं आणि नेमक्या त्या रेषेवर पत्रा गंजतो. इथेही वरच्यासारखीच पट्टी हवी: भिंतीवर सहा इंच, पत्र्यावर सहा ते आठ इंच, आणि खालची कड पत्र्याच्या नळ्यांप्रमाणे कापलेली किंवा खाली फोमची पट्टी बसवलेली. वारं झोडपत असताना झडीचं पाणी नळ्यांमधून वर चढतं, आणि तेव्हा फोमच कामाला येतो.

उतार फुटाला इंचभर तरी ठेवा. बाजूचा जोड दीड नळीचा, लांबीतला जोड सहा इंचांचा.

खरी गळती बहुतेक वेळा स्क्रूंच्या भोकांतून होते. जुन्या जे-हुकांचे (जे आकाराच्या लोखंडी आकड्यांचे) डांबरी वॉशर उन्हाने कडक होऊन तडकतात आणि भोक रुंदावतं. हुक काढा, एक साइज जाड सेल्फ-ड्रिलिंग स्क्रू रबराच्या वॉशरसह बसवा, तोही नळीच्या उंचवट्यावर, खोलगट भागात नको. रबर थोडं बाहेर फुगलं की थांबा. जास्त आवळलं तर रबर चिरतं, कमी आवळलं तर पाणी जातं. भोक फारच मोठं झालं असेल तर पत्र्याचाच दोन इंची तुकडा खाली न्यूट्रल सिलिकॉन घालून रिव्हेटने बसवा. इपॉक्सी पुटी कडक असते, पत्रा तापला की सुटते. चिकट पाठीची ॲल्युमिनियम टेप तात्पुरती चांगली, पण गंज आणि धूळ काढून, कोरड्या पत्र्यावर, रोलरने दाबून लावली तरच.

खाली: फरशी, उंबरठा, खांब

पोर्चची फरशी खोलीच्या फरशीपेक्षा चार ते सहा इंच खाली आणि बाहेरच्या दिशेने मीटरला १० ते १५ मिमी उताराची हवी. उतार उलटा असेल तर कुठलंही सीलंट पुरणार नाही. आधी फरशी उकरून उतार दुरुस्त करा. लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) दहा मिनिटांत कळतं.

फरशी भिंतीला टेकते तो सांधाही हलता असतो. टाइल किंवा शहाबादी भिंतीला घट्ट भिडवू नका. १० मिमी जागा सोडून रॉड आणि करड्या रंगाचं पीयू भरा. शहाबादीच्या दगडांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, मात्र फारशा हलत नाहीत. त्या १५ मिमी खोल उकरून बारीक वाळू-सिमेंट लॅटेक्ससह भरा, किंवा इपॉक्सी ग्राउट घ्या. नुसतं पांढरं सिमेंट वर्षभरात निघतं. शहाबादी चुनखडीचा दगड आहे, म्हणून दर्जा साफ करायला ॲसिड वापरू नका. दगड पांढरट होतो आणि खडबडतो.

उंबरठ्याखालची पोकळी बाहेरून पीयूने बंद करा. लोखंडी पाइपचा खांब फरशीत गेला असेल तर त्याच्या भोवती १० मिमीची खाच करून सीलंट भरा आणि पाइपचं वरचं टोक वेल्डिंगने बंद आहे का ते बघा. उघड्या टोकातून आत गेलेलं पाणी खांब तळाशी गंजवतं आणि ते बाहेरून दिसत नाही.

जमीन

मे महिन्यात जोत्याभोवती माती सुटते आणि बोट जाईल अशी फट राहते. पहिला पाऊस थेट तिथून पायाखाली जातो, एका बाजूची माती फुगते आणि पोर्च तिरका उचलला जातो. वरची फट कितीही छान भरली तरी हे थांबवलं नाही तर हालचाल वाढतच राहते.

जोत्याला लागून अडीच-तीन फूट रुंद आणि एक फूट खोल काळी माती काढा. मुरूम चार-चार इंचांच्या थरांत, पाणी शिंपडून, धुमसाने ठोकत भरा. त्यावर तीन-चार इंच जाड कोबा, सिमेंट-वाळू-खडी १:२:४ प्रमाणात, बाहेरच्या दिशेने अडीच फुटांत दीड ते दोन इंच उतार देऊन. कोबा भिंतीला चिकटवून ओतू नका. मध्ये अर्ध्या इंचाची थर्माकोलची पट्टी ठेवा. नंतर तिचा वरचा भाग काढून पॅकिंग टेप आणि सीलंट भरा. दर पाच-सहा फुटांवर आडवा सांधा ठेवा, नाहीतर कोबा स्वतःहून हवा तिथे तडकतो.

पन्हळीचं पाणी या कोब्याच्या पलीकडे पडलं पाहिजे. बोअर पुनर्भरणाचा खड्डा घरापासून दहा फूट तरी दूर हवा. टाकीचा ओव्हरफ्लो, कपडे धुण्याची जागा, कुंड्यांचं पाणी जर पोर्चच्या एकाच खांबाजवळ पडत असेल तर तो खांब एकटाच वर येतो.

माळवदाच्या (लाकूड-मातीच्या सपाट छताच्या) जुन्या घराच्या ओसरीला पुढे पत्रे जोडले असतील तर पीयू तिथे उपयोगाचं नाही, मातीला ते धरत नाही. तिथे पत्रा माळवदाच्या कडेखाली किमान एक फूट आत सारायचा, म्हणजे वरचं पाणी पत्र्यावर पडेल. आणि माळवदावर ओल धरते म्हणून दरवर्षी मातीचा नवा थर चढवत जाऊ नका. जुना थर खरवडून तेवढाच नवा घाला. वाढतं वजन भिंतींना आणि लाकडाला पेलत नाही, भूकंपाच्या पट्ट्यात तर मुळीच नको.

कधी करायचं

बहुतेक घरांत फट मेमध्ये सगळ्यात रुंद आणि पावसाळ्याच्या शेवटी सगळ्यात अरुंद असते. अरुंद असताना भरलेलं सीलंट उन्हाळ्यात ताणून फाटतं, रुंद असताना भरलेलं पावसाळ्यात दाबून बाहेर फुगतं. म्हणून फेब्रुवारी-मार्च सगळ्यात बरा: फट मधल्या रुंदीला असते, आडात-बोअरला पाणी असतं, स्लॅब फार तापलेला नसतो. कोबा आणि मॉर्टरचं काम तर जमल्यास दिवाळीनंतर लगेच उरका. मेमध्येच वेळ मिळत असेल तर सीलंट कडेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर खाली ठेवा, म्हणजे फुगायला जागा राहील. काम सकाळी सात ते दहा, सावलीत. हाताला चटका बसेल इतका स्लॅब तापला असेल तर गन खाली ठेवा. मृगाला आठ दिवस राहिले असताना सीलंट भरायला घेऊ नका. तेवढ्यापुरती पट्टी बसवा, ताडपत्री बांधा आणि पुढच्या फेब्रुवारीची वाट बघा.

पहिल्या जोरदार पावसानंतर दुसऱ्या दिवशी बोटाने सीलंटची कड दाबत दोन्ही बाजूंनी शेवटपर्यंत जा. कड भिंतीपासून सुटली असेल तर सफाईत कमी राहिली होती. मधूनच फाटली असेल तर फट अरुंद होती किंवा रॉड बसला नव्हता. सुटलेला भाग, आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे तीन-तीन इंच, ब्लेडने कापून काढा, कोरडं झाल्यावर घासा, प्रायमर द्या आणि तेवढाच पुन्हा भरा. वरून नुसता थर ओढला तर जुन्या थराबरोबर तोही सुटेल. सीलंटचं नाव, भरल्याची तारीख आणि त्या दिवशीची फटीची रुंदी पोर्चच्या आतल्या कोपऱ्यात ऑइल पेंटने लिहून ठेवा. पुढच्या वेळी काम करणाऱ्याला काय काढायचं आणि किती रुंद कापायचं, ते तिथेच वाचता येईल.